घरगुती सर्व्हरमधील साठवण-योजना

घरगुती सर्व्हरमधील साठवण-योजना : घरात अहोरात्र चालू राहणाऱ्या व एकाच वेळी अनेक आभासी यंत्रे चालविणाऱ्या संगणकात माहिती साठविण्यासाठी कोणत्या प्रकारच्या व किती डिस्क बसवाव्यात, त्यांची परस्परांशी सांगड कशी घालावी आणि त्यांवरील माहितीच्या प्रती कोठे ठेवाव्यात, हे आधीच ठरविण्याच्या पद्धतीस साठवण-योजना म्हणतात. सर्व्हर म्हणजे इतर संगणकांना व उपकरणांना जाळ्यामार्फत सेवा पुरविणारा संगणक होय. आभासी यंत्र किंवा व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका प्रत्यक्ष संगणकाच्या आत कार्यक्रमाच्या साहाय्याने उभा केलेला दुसरा, स्वतःची परिचालन प्रणाली असलेला संगणक होय. प्रत्यक्ष संगणकास यजमान व त्यातील आभासी संगणकास अतिथी अशा संज्ञा वापरल्या जातात. अतिथी यंत्राची डिस्क ही यजमानाच्या दृष्टीने केवळ एक मोठी फाइल किंवा साठवणीचा राखून ठेवलेला एक भाग असते.

अशा सर्व्हरसाठी डिस्क निवडताना सर्वसाधारणपणे एकूण किती टेराबाइट लागतील एवढाच हिशेब केला जातो. तो आवश्यक असला, तरी पुरेसा नसतो. पाच-सहा अतिथी यंत्रे एकाच डिस्कवर ठेवली असता निम्मी जागा रिकामी असूनही सर्व यंत्रे मंदावतात, असा अनुभव वारंवार येतो. दुसरी व अधिक गंभीर चूक म्हणजे दोन डिस्कवर तीच माहिती लिहिली जाते म्हणून ती सुरक्षित आहे असे मानणे. या दोन्ही गैरसमजांचे मूळ डिस्क कार्य कसे करते याविषयीच्या अपुऱ्या माहितीत आहे.

पार्श्वभूमी : एका संगणकाचे अनेक आभासी संगणक करण्याची कल्पना मोठ्या संगणकांच्या काळातील आहे. आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९६० नंतरच्या दशकात तिचे प्रयोग केले व १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली बाजारात आणली. वैयक्तिक संगणकांत वापरल्या जाणाऱ्या एक्स८६ जातीच्या प्रक्रियकांवर ती आणणे अवघड होते. व्हीएमवेअर कंपनीने १९९९ मध्ये ते साधले. इंटेल व एएमडी या उत्पादकांनी २००५-०६ मध्ये प्रक्रियकांतच त्यासाठी साहाय्यकारी सोय केली आणि २००७ मध्ये केव्हीएम हा भाग लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाला. यानंतर जे कार्य पूर्वी संस्थांच्या संगणक-केंद्रांतच होत असे, ते घरातील साध्या संगणकावर विनामूल्य कार्यक्रमांच्या आधारे होऊ लागले. छायाचित्रांचा संग्रह, कुटुंबाची कागदपत्रे, घरातील दिवे व संवेदक यांचे नियंत्रण, कॅमेऱ्यांचे चित्रण, विद्यार्थ्याच्या सरावासाठी लागणारी प्रणाली अशी कामे स्वतंत्र अतिथी यंत्रांकडे सोपविली जातात. एक यंत्र बिघडले तरी इतरांना झळ पोहोचत नाही, हा त्यातील मुख्य लाभ होय. मात्र ही यंत्रे बाकी सर्व बाबतींत अलग असली, तरी साठवण बहुधा सामाईक असते. [⟶ संगणक].

हार्ड डिस्क : आयबीएमने १९५६ साली प्रसृत केलेल्या ३०५ रॅमॅक या संगणकाच्या साठवण-एककात सु. ६१ सेंमी. व्यासाच्या ५० चुंबकीय तबकड्या होत्या व त्यांवर ५० लक्ष अक्षरे मावत. प्रत्येक अक्षर सहा बिटांचे असल्याने आजच्या मापाने ही क्षमता सु. ३.७५ मेगॅबाइट, म्हणजे भ्रमणध्वनीने घेतलेल्या एखाद्या छायाचित्राएवढी भरते. हवी ती नोंद शोधण्यास सरासरी ०.६ सेकंद लागे. आजची १६ टेराबाइटची डिस्क तळहातावर मावते व तिची क्षमता रॅमॅकच्या चाळीस लक्ष पटींहून अधिक आहे. परंतु नोंद शोधण्याचा तिचा काळ सु. ०.०१३ सेकंद आहे. म्हणजे क्षमता लक्षावधी पटींनी वाढली, तर शोधण्याचा वेग जेमतेम पन्नास पटींनी. साठवण-योजनेतील बहुतेक अडचणी या विषम वाढीतून उद्‌भवलेल्या आहेत.

या विषमतेचे कारण यांत्रिक आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी एक फेरा ८.३३ मिलिसेकंदांत पुरा करते. हवा असलेला भाग वाचन-लेखन शीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.१७ मिलिसेकंद थांबावे लागते. त्याआधी शीर्ष योग्य वर्तुळावर सरकण्यास सु. ८.५ मिलिसेकंद लागतात. दोहोंची बेरीज १२.६७ मिलिसेकंद होते. म्हणून अशी डिस्क दर सेकंदास विखुरलेल्या सु. ८० नोंदींपर्यंतच पोहोचू शकते. रांगेत साचलेल्या मागण्यांचा क्रम बदलून, वाटेत पडणाऱ्या नोंदी आधी उचलून, हा आकडा काहीसा वाढविता येतो, पण त्याने मूळ मर्यादा सुटत नाही. प्रत्येक नोंद ४ किलोबाइटची धरल्यास सेकंदाला केवळ सु. ३२० किलोबाइट माहिती मिळते. तीच डिस्क एखादी मोठी, सलग लिहिलेली फाइल सेकंदाला २०० मेगॅबाइट वा अधिक वेगाने वाचते. उपकरण तेच असूनही कामाच्या स्वरूपानुसार त्याच्या गतीत सहाशेपट फरक पडतो.

एकट्या संगणकाचे काम काही अंशी सलग असते. अतिथी यंत्रांचे तसे राहत नाही. एका यंत्रातील कार्यक्रम आपल्यापुरते सलग वाचत असला, तरी त्याच वेळी दुसरे यंत्र नोंदवहीत ओळ लिहीत असते व तिसरे आपली प्रणाली अद्ययावत करीत असते. यजमानाच्या डिस्कपर्यंत पोहोचेपर्यंत या मागण्या एकमेकींत मिसळतात आणि अनेक सलग प्रवाहांचा मिळून एक यादृच्छिक प्रवाह तयार होतो. वीज गेल्यानंतर पुन्हा आल्यावर सर्व यंत्रे एकदम सुरू होतात, तेव्हा हा परिणाम सर्वांत ठळकपणे दिसतो. एरवी अर्ध्या मिनिटात सुरू होणाऱ्या यंत्रास अशा वेळी कित्येक मिनिटे लागतात. यास्तव अतिथी यंत्रांच्या प्रणाली व त्यांतील माहितीकोश यांसाठी हार्ड डिस्क अयोग्य, तर चित्रपट, छायाचित्रांच्या मूळ प्रती, कॅमेऱ्यांचे चित्रण व बॅकअप यांसाठी ती अद्यापही सर्वांत काटकसरीची ठरते.

एसएसडी : जपानमधील तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका व त्यांचे सहकारी यांनी १९८७ मध्ये मांडलेली नँड फ्लॅश स्मृती हा एसएसडीचा पाया होय. तीत हलणारे भाग नसल्याने नोंद सु. ०.१ मिलिसेकंदात किंवा त्याहून लवकर मिळते आणि विखुरलेल्या नोंदी सेकंदाला हजारोंच्या संख्येने वाचता येतात. एसएसडी दोन प्रकारे जोडली जाते. जुन्या साटा जोडणीने सेकंदाला सु. ५५० मेगॅबाइटपर्यंत वेग मिळतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एनव्हीएमई या मानकानुसार केलेल्या जोडणीने त्याच्या कित्येक पट मिळतो. जाहिरातींत या दुसऱ्या आकड्यास फार महत्त्व दिले जाते. घरगुती सर्व्हरमध्ये मात्र हार्ड डिस्ककडून कोणत्याही एसएसडीकडे जाण्याने पडणारा फरक प्रचंड असतो आणि साटाकडून एनव्हीएमईकडे जाण्याने पडणारा त्या मानाने लहान. अनेक मुख्य फलकांवर एनव्हीएमईची खाच वापरली की साटाच्या एकदोन जोडण्या बंद पडतात. ही गोष्ट माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरांत दिलेली असते व खरेदीनंतरच लक्षात येते.

फ्लॅश स्मृतीत लिहिण्याची क्रिया सरळ नसते. माहिती काही किलोबाइटच्या पानांत लिहिली जाते, परंतु पुसली जाते ती अशा अनेक पानांच्या मोठ्या गठ्ठ्यातच. त्यामुळे थोडा बदल करण्यासाठीही जिवंत पाने दुसरीकडे हलवून गठ्ठा मोकळा करावा लागतो. प्रत्येक पुसण्याने पेशी थोडी झिजते. एका पेशीत एक, दोन, तीन किंवा चार बिट साठविणारे प्रकार प्रचलित असून बिट वाढतील तशी किंमत उतरते व टिकाऊपणाही कमी होतो. उत्पादक हा टिकाऊपणा हमीच्या काळात लिहिता येणाऱ्या एकूण टेराबाइटच्या रूपाने देतात. तीन बिटांच्या पेशी असलेल्या १ टेराबाइटच्या अनेक एसएसडींसाठी हा आकडा ६०० असतो. दिवसाला ४० गिगॅबाइट लेखन होणाऱ्या घरी तो पुरा होण्यास ४१ वर्षे लागतील. फाइल-प्रणालीच्या स्वतःच्या नोंदींमुळे प्रत्यक्ष लेखन चौपट झाले, तरी दहा वर्षे निघतात. झिजेविषयीची भीती त्यामुळे बहुतांशी अनाठायी आहे. तिला एक महत्त्वाचा अपवाद आहे. सेकंदाला प्रत्येकी ४ मेगॅबिट चित्रण पाठविणारे चार कॅमेरे दिवसाला सु. १७३ गिगॅबाइट, म्हणजे वर्षाला ६३ टेराबाइट लिहितात. चार बिटांच्या पेशी असलेल्या व २०० टेराबाइटची हमी दिलेल्या एसएसडीची ही मर्यादा सु. तीन वर्षांत गाठली जाईल. असे चित्रण हार्ड डिस्कवर, आणि तेही इतर कामांपासून अलग डिस्कवर ठेवणे इष्ट असते.

झिजेपेक्षा एका वेगळ्या गोष्टीकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. माहितीकोश एखादा व्यवहार नोंदविताना ‘हे लेखन कायम झाले’ अशी पोच मिळेपर्यंत थांबतो. सर्वसाधारण एसएसडी लेखन प्रथम आपल्या तात्पुरत्या स्मृतीत घेते. खरी पोच मागितल्यास तिला ते फ्लॅशमध्ये उतरवेपर्यंत थांबावे लागते व तिचा जाहीर वेग एकदम कोसळतो. संगणक-केंद्रांसाठी बनविलेल्या एसएसडींत विद्युत् धारित्रे बसविलेली असतात. वीज गेली तरी त्यांतील विद्युत् भार तात्पुरत्या स्मृतीतील लेखन पुरे करण्यास पुरतो, म्हणून अशी एसएसडी पोच तत्काळ देऊ शकते. काही जण वेग वाढविण्यासाठी यजमानाच्या मांडणीत बदल करून पोच लेखनापूर्वीच मिळेल अशी व्यवस्था करतात. तसे केल्यास वीज खंडित होताच अतिथी यंत्रातील माहितीकोश विस्कटण्याचा धोका असतो. धारित्रे असलेली वापरलेली एसएसडी नव्या साध्या एसएसडीपेक्षा या कामास पुष्कळदा अधिक योग्य ठरते; मात्र विकत घेण्यापूर्वी तिच्यावर आजवर किती लेखन झाले आहे, ते तिच्याच नोंदींतून पाहून घ्यावे लागते.

कौलारू लेखन : हार्ड डिस्कच्याही दोन जाती आहेत व त्या बाहेरून ओळखता येत नाहीत. क्षमता वाढविण्यासाठी काही डिस्कमध्ये चुंबकीय पट्टे कौलांप्रमाणे एकमेकांवर किंचित चढवून लिहिले जातात. त्यामुळे मधला एक पट्टा बदलावयाचा असल्यास त्यालगतचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात. एकदा लिहून अनेकदा वाचण्याच्या कामास ही पद्धत चालते. सतत विखुरलेले लेखन करावयाचे झाल्यास डिस्क काही वेळा सेकंदाला काही मेगॅबाइट इतकी मंद होते. २०२० साली काही उत्पादकांनी जाळ्यावरील साठवण-उपकरणांसाठी विकलेल्या डिस्कमध्येही ही पद्धत स्पष्ट उल्लेखावाचून वापरल्याचे उघड झाले. बिघडलेली डिस्क बदलून अशी डिस्क बसविल्यावर पुनर्बांधणीस अनेक दिवस लागल्याच्या किंवा ती अर्धवट सुटल्याच्या तक्रारी पुढे आल्या. तेव्हापासून उत्पादक आपल्या याद्यांत लेखनपद्धतीचा उल्लेख करू लागले. डिस्क-समूहासाठी घेताना तो पाहणे अगत्याचे आहे.

डिस्क-समूह : कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेतील डेव्हिड पॅटर्सन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून एका महागड्या डिस्कचे काम करण्याची पद्धत मांडली. तिला ‘रेड’ या आद्याक्षरी नावाने ओळखतात. तिच्या अनेक पातळ्यांपैकी घरगुती वापरात दोनच प्रमुख ठरतात. पहिल्या पातळीत तीच माहिती दोन डिस्कवर लिहिली जाते. या जोडीस मिरर म्हणतात. पाचव्या पातळीत तीन वा अधिक डिस्कवर माहितीबरोबर समता-माहिती विखरून ठेवतात आणि कोणतीही एक डिस्क गेल्यास उरलेल्यांवरून तिच्यातील माहिती गणिताने परत मिळवितात. सहावी पातळी दोन डिस्क जाण्यापर्यंतची सोय करते. जागेच्या दृष्टीने पाचवी पातळी किफायतशीर आहे. चार डिस्कपैकी तिनांची क्षमता वापरता येते, तर मिररमध्ये दोहोंचीच.

अतिथी यंत्रांच्या बाबतीत मात्र ही काटकसर महागात पडते. पाचव्या पातळीत एक लहान लेखन करण्यासाठी जुनी माहिती व जुनी समता-माहिती वाचणे आणि नवी माहिती व नवी समता-माहिती लिहिणे अशा चार क्रिया कराव्या लागतात. दर सेकंदास ८० क्रिया करणाऱ्या चार डिस्क मिळून ३२० क्रिया करतील. त्यांना चाराने भागले असता लेखनाची संख्या पुन्हा ८० च येते. चार डिस्क घेऊन लेखनाचा वेग एका डिस्कएवढाच राहतो. त्याच चार डिस्कच्या दोन मिरर-जोड्या केल्यास प्रत्येक लेखनास दोनच क्रिया लागत असल्याने हा आकडा १६० होतो. यजमान प्रणालीत समूह बनविण्यासाठी झेडएफएस ही फाइल-प्रणाली बरीच वापरली जाते. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक व मॅथ्यू एरेन्स यांच्या नेतृत्वाखाली ती विकसित झाली व २००५ मध्ये तिची मूळ संहिता खुली करण्यात आली. तीत प्रत्येक गठ्ठ्याबरोबर त्याची तपासणी-बेरीज ठेवलेली असते. त्यामुळे मिररमधील दोन प्रतींत तफावत आढळल्यास त्यांतील खरी कोणती हे ठरविता येते. साध्या मिररला ते कळत नाही.

बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी बसविल्यावर तिच्यावर माहिती पुन्हा उतरविण्यास मोठा काळ लागतो. १६ टेराबाइटची डिस्क सेकंदाला सरासरी १८० मेगॅबाइट वेगाने अखंड लिहिली, तरी सु. २५ तास जातात आणि समूह वापरात असल्यास याहून पुष्कळ अधिक. या काळात पाचव्या पातळीतील उरलेल्या सर्व डिस्क संपूर्ण वाचाव्या लागतात. बहुसंख्य घरगुती डिस्कसाठी उत्पादक १०^१४ बिटांच्या, म्हणजे १२.५ टेराबाइटच्या वाचनात फार तर एक न दुरुस्त होणारी चूक अशी मर्यादा देतात. ८ टेराबाइटच्या चार डिस्कच्या समूहात पुनर्बांधणीसाठी २४ टेराबाइट वाचावे लागतात. यावरून पुनर्बांधणी हटकून फसणार असा निष्कर्ष काढला जातो. तो अतिशयोक्त आहे, कारण दिलेली मर्यादा ही कमाल असून प्रत्यक्षात डिस्क तीपेक्षा बऱ्याच सरस वागतात. तथापि मोठ्या डिस्कच्या समूहात सहावी पातळी किंवा मिरर पसंत करण्यास हे पुरेसे कारण आहे.

प्रती : डिस्क-समूह एकाच संकटापासून संरक्षण देतो, ते म्हणजे डिस्क बंद पडणे. चुकून पुसलेली फाइल मिररमधील दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. विजेचा लोळ, आग, चोरी किंवा वीजपुरवठा-एककातील बिघाड सर्व डिस्कना एकदम गाठतो. २०१७ च्या मे महिन्यात जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या कार्यक्रमाने फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. अशा हल्ल्यात समूह कुलूपबंद फाइलींच्याच दोन निष्ठावंत प्रती राखतो. समूहाचे खरे प्रयोजन काम न थांबविता डिस्क बदलता यावी हे आहे. एका डिस्कवरील माहिती व तिची दुसरीकडे ठेवलेली प्रत हे मांडण, प्रत नसलेल्या मिररपेक्षा कितीतरी सुरक्षित असते. ज्याच्यापाशी दोनच डिस्क घेण्याइतके पैसे आहेत त्याने दुसरी डिस्क संगणकाबाहेर ठेवावी.

अतिथी यंत्राचा स्नॅपशॉट, म्हणजे एका क्षणीची गोठविलेली अवस्था, हीदेखील प्रत नव्हे. तो मूळ डिस्कवरच असतो व तिच्याबरोबर जातो. अद्ययावत करण्याचा प्रयोग फसल्यास मागे येण्यासाठी त्याचा उत्तम उपयोग होतो. प्रत घेताना अतिथी यंत्र चालू असल्यास त्यातील माहितीकोशाचे काही लेखन अर्धवट अवस्थेत पकडले जाण्याचा संभव असतो. यासाठी अतिथी यंत्रात एक साहाय्यक कार्यक्रम बसवून प्रत घेण्याच्या क्षणी लेखन थोपवून धरतात किंवा माहितीकोशाची स्वतंत्र निर्यात करून ठेवतात. माहितीच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर व त्यांतील एक अन्य ठिकाणी, असा अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला संकेत घरासाठीही योग्य आहे.

घेतलेली प्रत परत उतरविता येते की नाही, हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. पिक्सार या चित्रपटसंस्थेत १९९८ मध्ये ‘टॉय स्टोरी २’ ची निर्मिती चालू असताना एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाच्या फाइलींचा मोठा भाग पुसला गेला. बॅकअप नियमाने घेतले जात असल्याची समजूत होती. ते उघडल्यावर सदोष निघाले. तंत्र-पर्यवेक्षिका गॅलिन सुसमन या तान्ह्या बाळामुळे घरून काम करीत असल्याने त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची एक प्रत होती व बहुतेक काम तिच्यावरून वाचविता आले. घरगुती सर्व्हरच्या बाबतीत निदान सहा महिन्यांतून एकदा एखादे अतिथी यंत्र प्रतीवरून वेगळ्या नावाने उभे करून पाहणे, ही परीक्षा पुरेशी होते.

क्षमतेचा हिशेब : उत्पादकांचा टेराबाइट १०^१२ बाइटांचा असतो, तर अनेक प्रणाली २^४० हे माप वापरतात. त्यामुळे ८ टेराबाइटची डिस्क संगणकावर सु. ७.२८ दाखविते. यात फसवणूक नसली, तरी योजनेत ती घट धरावी लागते. शिवाय झेडएफएससारख्या, बदललेली माहिती नव्या जागी लिहिणाऱ्या प्रणालींत सु. एक पंचमांश जागा मोकळी ठेवावी लागते. ती भरत आली की मोकळे तुकडे शोधण्यातच वेळ जातो. अतिथी यंत्रांना जागा दोन प्रकारे देता येते : सर्व जागा आधीच राखून किंवा ती जसजशी वापरली जाईल तसतशी. दुसऱ्या प्रकारात १ टेराबाइटच्या एसएसडीवर २ टेराबाइटचे वायदे करता येतात आणि सर्व काही सुरळीत चाललेले दिसते. प्रत्यक्ष जागा संपते त्या क्षणी मात्र सर्व यंत्रे एकदम अडकतात. अतिथी यंत्राने पुसलेली जागा यजमानास परत कळविण्याची सोय चालू ठेवणे व वापर ८० टक्क्यांवर जाताच सूचना मिळेल अशी व्यवस्था करणे, हे या प्रकाराबरोबरच यावयास हवे.

एक उदाहरण : समजा, एका कुटुंबाच्या सर्व्हरवर पाच अतिथी यंत्रे असून प्रत्येकाच्या प्रणालीस ४० गिगॅबाइट, छायाचित्र-संग्रहाच्या माहितीकोशास व लघुचित्रांस १०० गिगॅबाइट आणि सरावाच्या यंत्रास आणखी १०० गिगॅबाइट लागतात. बेरीज ४०० गिगॅबाइट होते. स्नॅपशॉट, वाढ व मोकळी जागा धरून १ टेराबाइटच्या दोन एसएसडींचा मिरर येथे योग्य ठरतो. छायाचित्रे व कागदपत्रे आज १.५ टेराबाइट असून ती दरवर्षी ३०० गिगॅबाइटने वाढत असतील, तर पाच वर्षांनी ३ टेराबाइट होतील. चित्रपट व संगीत २ टेराबाइट आणि अतिथी यंत्रांच्या रात्री घेतलेल्या प्रतींच्या काही पिढ्या १ टेराबाइट धरल्यास एकूण ६ टेराबाइट होतात. यासाठी ८ टेराबाइटच्या, कौलारू लेखन नसलेल्या दोन हार्ड डिस्कचा मिरर पुरतो. चार कॅमेऱ्यांच्या तीस दिवसांच्या चित्रणास ५.२ टेराबाइट लागतात. ते गेल्यास मोठी हानी नसल्याने त्यास ८ टेराबाइटची एकच डिस्क, मिररविना व प्रतीविना, चालते. यजमानाची प्रणाली एका लहान एसएसडीवर ठेवावी. ती तासाभरात पुन्हा बसविता येते, मात्र तिच्या मांडणीची प्रत हवी. चित्रपट वगळून उरणाऱ्या ४ टेराबाइटच्या प्रतीसाठी ६ टेराबाइटच्या दोन बाह्य डिस्क घेऊन आळीपाळीने एक घरी व एक नातेवाइकाकडे ठेवता येते. या मांडणीत सर्वांत अधिक खर्च छायाचित्रांवर व सर्वांत कमी चित्रणावर होतो, आणि तो माहितीच्या मोलाशी जुळणारा आहे.

वेग वाढविण्यासाठी हार्ड डिस्कपुढे एसएसडीची तात्पुरती साठवण लावण्याची पद्धत संस्थांत आढळते. घरगुती मांडणीत तोच खर्च संगणकाची रॅम वाढविण्यात किंवा अतिथी यंत्रे सरळ एसएसडीवर हलविण्यात अधिक फलदायी होतो.

देखभाल : फिरती हार्ड डिस्क सु. ६ वॉट वीज घेते. चार डिस्क वर्षभरात सु. २१० युनिट वापरतात. महाराष्ट्रातील अनेक गावांप्रमाणे जेथे वीज वारंवार खंडित होते, तेथे यूपीएस हा साठवण-योजनेचाच भाग समजावा. बॅटरी संपत आल्याचे कळताच अतिथी यंत्रे व मग यजमान क्रमाने बंद व्हावा यासाठी त्याची संगणकाशी जोडणी करावी लागते. समूहातील सर्व माहिती महिन्यातून एकदा वाचून पडताळावी. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, परंतु तिच्यावर पूर्ण विसंबता येत नाही : गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लक्षाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बंद पडलेल्यांपैकी ३६ टक्के डिस्कनी तपमानाखेरीज कोणतीही पूर्वसूचना दिली नव्हती. त्याच वर्षी बिआंका श्रोडर व गार्थ गिब्सन यांना मोठ्या केंद्रांत वर्षाला २ ते ४ टक्के डिस्क बदलाव्या लागत असल्याचे आढळले. डिस्क बदलण्याची वेळ आल्यावर होणारी नेहमीची चूक म्हणजे बिघडलेल्या डिस्कऐवजी तिच्या शेजारची धडधाकट डिस्क ओढून काढणे. ती टाळण्यासाठी प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक बसविण्यापूर्वीच तिच्या दर्शनी बाजूस चिकटवून ठेवतात.